तिसरं फाटक

बाटली भरून घे नळाखाली. डोंगराचंच पाणी,
जरा पिवळट दिसेल, पण पोटाला बाधत नाही.
नकाशा राहू दे खिशात.
त्याच्यावर रेघा आहेत,
वर नुसतं गवत आहे.

पहिलं फाटक लोखंडी. कुरकुरतं, पण उघडतं.
दुसऱ्याला बिजागरीच नाही, निळ्या सुतळीनं बांधलंय.
गाठ सोड, उचल, आत जा,
आणि गाठ परत मार. माझ्या भावाची गाठ आहे ती,
तशी जमणार नाही तुला. जमेल तशी बांध, पण बांध.

मग चढ. वाटतं, गवतच तर आहे!
जूनमधलं गवत चाक सोडत नाही,
जेवूनच जा म्हणणाऱ्या मावशीसारखं.
उतर खाली, ढकल. त्यात लाज कसली,
आमचा पोस्टमन अनायरिन तर मोटारसुद्धा ढकलायचा.

माथ्यावर आलीस की वाट सापडेल.
वीतभर रुंद, काळी, गवतात बुडालेली.
ओल टाळते, वारा पाठीवर घेते,
उगाच कुठे चढत नाही.
तिला सोडू नकोस.
डाव्या हाताला पांढरे तुरे डुलताना दिसतील,
कापूस पिंजून ठेवावा तसे.
फोटो काढ हवा तर. पाय ठेवू नकोस.
तिथे एक ट्रॅक्टर आहे.
म्हणजे, होता.

कुणी आखली ही वाट, विचारलंस ना मघाशी?
मेंढ्यांनी.
आईमागून कोकरू, त्या कोकरामागून त्याचं कोकरू.
वर कुंपण कधी नव्हतंच,
आपली हद्द त्यांना पायांनी पाठ.
आमच्या वेल्शमध्ये शब्द आहे त्याला, कनेव्हिन.
घर म्हणावं, तर घराला दार असतं.

दोन हजार एक साली रोग आला, खुरांचा.
आमच्या एकीलाही नव्हता. शेजारच्या खोऱ्यात होता,
तेवढं पुरलं.
पांढऱ्या कपड्यांतली माणसं आली, अदबीनं बोलली,
चहा घेतला, कप विसळून पालथे घातले.
चारशे बारा.
मायरिग उभा राहून मोजत होता.
रात्री अंथरुणातही मोजत होता,
भिंतीपलीकडून ऐकू यायचं मला.

नव्या आणल्या. त्यांना डोंगर ठाऊक नाही,
सैरभैर, पार खालच्या जंगलापर्यंत.
दोन वर्षं, रोज तिन्हीसांजेला,
खिंडीत मायरिग आणि मॉट.
इथून पुढे नाही गं बाई, इथून पुढे नाही.
मेंढीला डोंगर शिकवायचा म्हणजे
दुसरं काही नसतं,
तिथे उभं राहायचं असतं.

आता कळप निम्माही नाही. गवत वाट गिळायला लागलं होतं,
तेवढ्यात तुम्ही आलात, हेल्मेटवाले.
आधी राग आला मला, खोटं कशाला बोलू.
मग एका मार्चमध्ये वर गेले तर वाट उघडी होती,
चाकांच्या नक्षीत पाणी साचलेलं,
आणि एक मेंढी त्याच रेघेनं चाललेली, पिल्लू मागे.

खिंड ओलांडलीस की ब्रेक सोडून दे.
चंडोल इतका वर असेल की दिसायचा नाही,
ऐकू मात्र तुझ्या हेल्मेटच्या आतून येईल.
उतार संपता संपता तिसरं फाटक.
त्याची कडी वाऱ्यानं निसटते,
इथून काही दिसत नाही, आणि माझे गुडघे हे असे.
मायरिग ट्रेगॅरनला असतो लेकीकडे, गालिचावर चालतो.
रविवारी फोन करतो. तब्येत नंतर विचारतो,
आधी तिसरं फाटक.

म्हणून सांगते, लाव ते, कडी दाबून बघ,
आणि सायकलची घंटी वाजव एकदा, जोरात.
मला नाही ऐकू येणार.
हा मॉट आहे ना, त्या मॉटचा पणतू,
तो कान टवकारेल.
तेवढं बस आहे मला,
रविवारी सांगायला.